वॅटांचा सातबारा

स्पीकर दिसायला कितीही भारदस्त असला तरी त्याला स्वतःची अशी ताकद नसते. पाठीमागून कोणी ढकलल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, आणि हे ढकलण्याचे काम एका स्वतंत्र यंत्राकडे सोपवावे की इतर दहा कामे करणाऱ्या यंत्राच्याच गळ्यात घालावे, या एका प्रश्नावरून घरात गाणी ऐकणाऱ्या गृहस्थांत दोन पंथ पडलेले आहेत. पहिला पंथ सुट्या अॅम्प्लिफायरचा. अॅम्प्लिफायर म्हणजे क्षीण विद्युत संकेत घेऊन त्याला स्पीकर हलवण्याइतका बलवान करणारे यंत्र; या पंथातील कर्मठ मंडळी त्याचेही दोन तुकडे करतात, आणि कोणते गाणे व किती मोठ्याने हे ठरवणाऱ्या भागाला प्रीअॅम्प्लिफायर, तर नुसते अंगबळ पुरवणाऱ्या भागाला पॉवर अॅम्प्लिफायर म्हणून वेगवेगळ्या खोक्यांत बसवतात. दुसरा पंथ रिसीव्हरचा. हे दोन्ही भाग, शिवाय रेडिओची स्टेशने पकडणारा ट्यूनर, आणि अलीकडच्या काळात चित्रपटाच्या आवाजाची पाच-सात वाहिन्यांत वाटणी करणारी संगणकी यंत्रणा, एवढा सगळा कारभार ज्या एका पेटीत कोंबलेला असतो तिला रिसीव्हर म्हणतात. पहिल्या पंथाचा माणूस दुसऱ्याला अडाणी समजतो, दुसरा पहिल्याला उधळ्या समजतो, आणि घरातील माणसे आपल्याला काय समजतात हे विचारायचे दोघेही टाळतात.

या वादात दाभोळने पडावे याला सबळ कारण आहे. दापोली तालुक्याच्या दक्षिण टोकाला, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे खाडीच्या उत्तर तीरावर वसलेल्या या गावाइतका वॅट या परिमाणाचा अनुभव महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या गावाच्या गाठीशी असेल. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी प्राथमिक करार झाला, पुढे ‘दाभोळ पॉवर कंपनी’ निघाली आणि या गावाचे नाव परदेशी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर झळकू लागले. प्रकल्प मात्र उभा राहिला तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला, त्यामुळे नाव दाभोळचे आणि धुराडे गुहागरचे अशी वाटणी पहिल्या दिवसापासूनच झाली. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये दरावरून आणि थकलेल्या बिलांवरून तंटा होऊन तो बंद पडला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या नव्या नावाने त्या यंत्रसामग्रीने पुन्हा संसार मांडला. ७४० मेगावॅट म्हणजे १०० वॅटच्या ७४ लाख अॅम्प्लिफायरांच्या नामपट्ट्यांवरील वॅटांची बेरीज. नामपट्टीवर लिहिलेले वॅट वेगळे आणि भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचणारे वॅट वेगळे, हे ज्ञान इतरांना तांत्रिक ग्रंथ वाचून मिळवावे लागते. दाभोळकरांना ते धक्क्यावर उभे राहून समोरच्या तीराकडे पाहता पाहता मिळाले आहे.

हेच ज्ञान रिसीव्हर विकत घेताना कामी येते. रिसीव्हरच्या खोक्यावर ‘१०० वॅट गुणिले ७’ असा मजकूर ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि गुणाकार येणारा कोणीही गृहस्थ ७०० वॅट घरी नेत असल्याच्या समाधानात रिक्षा ठरवतो. वास्तविक या सातही वाहिन्यांना पोसणारा वीजपुरवठा, म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या शेजारी वीज साठवून ठेवणारे दोन मोठे कपॅसिटर, एकच असतो. कोकणातील जुन्या सातबाऱ्यावर एकाच आमराईला चुलत-मावस मिळून वीस-बावीस सहहिस्सेदारांची नावे लागलेली असतात, प्रत्येकाला आपला हिस्सा कागदावर स्वच्छ दिसतो, आणि जोवर मुंबईचे भाऊबंद मुंबईत असतात तोवर कोणाचीच तक्रार नसते. सगळे एकाच मे महिन्यात पेट्या घेऊन आंबे उतरवायला आले म्हणजे मात्र झाडे किती आणि नावे किती याचा उलगडा होतो. रिसीव्हरच्या सात वाहिन्यांचा सातबारा अगदी असाच आहे. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘दोन वाहिन्या चालवून मोजलेले’ अशी नोंद असते, आणि सातही वाहिन्यांनी एकदम हिस्सा मागितला तर प्रत्येकीच्या पदरात पडणारे वॅट कागदावरल्या आकड्यापेक्षा बरेच कमी भरतात. सुट्या पॉवर अॅम्प्लिफायरची मालकी एकट्याची असते. त्याचा ट्रान्सफॉर्मर, त्याचे कपॅसिटर, त्याची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती हे सगळे एकाच कामाला बांधलेले असल्यामुळे तो बोलतो तेवढे बहुधा देतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हा वीजपुरवठ्याचा मूलभूत सिद्धान्त मराठीत फार पूर्वीच मांडून झालेला आहे.

आकड्यांच्या या फुगवट्याला आळा घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की घरगुती अॅम्प्लिफायरचे वॅट जाहिरातीत सांगायचे असतील तर स्टिरिओच्या दोन्ही वाहिन्या एकाच वेळी, सलग चालवून मोजलेलेच सांगावेत. याचा परिणाम असा झाला की उत्पादक खोटे आकडे सोडून खरोखरच अवजड रिसीव्हर बनवू लागले, आणि ती चढाओढ १९७८ मध्ये पायोनिअर कंपनीच्या एसएक्स-१९८० या नमुन्यापर्यंत गेली, ज्याची ताकद दर वाहिनीला २७० वॅट आणि वजन सुमारे ३५ किलो होते. हा रिसीव्हर माडीवर चढवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. भारतीय बाजाराने मात्र वेगळा मार्ग पत्करला. आपल्याकडे पीएमपीओ नावाचे परिमाण अवतरले, ज्याचा विस्तार ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’ असा होतो आणि ज्याची व्याख्या कोणत्याही मान्यताप्राप्त मानकात सापडत नाही. क्षणाच्या एका अंशापुरती, इजा होईल की नाही याची पर्वा न करता, यंत्राने मारलेली उडी असा त्याचा ढोबळ अर्थ लावता येतो. त्यामुळे ज्या टेपरेकॉर्डरची वायर जेमतेम २०-२५ वॅट ओढत असे, त्याच्या कपाळावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे सोनेरी अक्षरांत चिकटवलेले असे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, याचे विद्युत क्षेत्रातील याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. सलग देता येणाऱ्या खऱ्या शक्तीला बाजारात आरएमएस म्हणतात, आणि गिऱ्हाइकाने तो आकडा विचारला की विक्रेता खोके उलटेपालटे करून पाहू लागतो.

एवढे करून जे वॅट मिळतात त्यांचे कान काय करतो, हा प्रश्न दोन्ही पंथांना अप्रिय आहे. आवाज डेसिबल या एककात मोजतात, आणि या एककाची गंमत अशी की वॅट दुप्पट केले तर डेसिबल तीनच वाढतात, तर आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट, लागतात. ५० वॅटचा अॅम्प्लिफायर विकून, वर घरातल्यांपासून लपवून पैसे घालून, १०० वॅटचा आणणाऱ्याच्या पदरात नेमके हे तीन डेसिबल पडतात, आणि तेवढा फरक ओळखण्यासाठी त्याला शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. सामान्य घरगुती स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर तो ८६ ते ९० डेसिबल आवाज काढतो. ओटीवर किंवा माजघरात बसून, एकीकडे बोलणे चालू ठेवून गाणी ऐकायची तर एक वॅटही पुरता खर्च होत नाही. उरलेले ९९ वॅट केव्हा लागतात, तर नमन या कोकणातील लोककलाप्रकारात मृदंगाची थाप पडते तेव्हा. थाप, टाळी, झांज असे क्षण सरासरी आवाजाच्या १० ते २० डेसिबल वर उडी घेतात, म्हणजे त्या निमिषापुरते दहापट ते शंभरपट वॅट मागतात. ते मिळाले नाहीत की अॅम्प्लिफायर लाटेचा माथा सपाट कापून टाकतो, थापेचा ठोकळा होतो, आणि हे वारंवार झाले तर स्पीकरमधील बारीक आवाजाचा पडदा जळतो. सुट्या अॅम्प्लिफायरच्या बाजूने मांडता येण्यासारखा सर्वांत प्रामाणिक मुद्दा हाच आहे, आणि तो त्या पंथाचे लोक सहसा मांडत नाहीत. ते ‘आवाजात एक मोकळेपणा येतो’ असे म्हणून डोळे मिटतात.

अॅम्प्लिफायरच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची कल्पना प्रयोगशाळेत सुचली नाही, ती फेरीबोटीवर सुचली, ही गोष्ट दाभोळमध्ये जितकी माहीत असायला हवी तितकी ती नाही. हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंता टेलिफोनच्या लांब तारांवर बसवलेल्या अॅम्प्लिफायरांच्या विकृतीने, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भेसळ ते करत असल्यामुळे, काही वर्षे हैराण झाला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडून कामावर जाताना लॅकवाना फेरीवर त्याला उत्तर सुचले आणि त्याने ते हातातील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोऱ्या राहिलेल्या पानावर लिहून काढले: अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडलेल्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुन्हा त्याच्याच तोंडाशी आणून सोडायचा, की स्वतःची चूक त्याला स्वतःलाच ऐकू येते आणि ती तो दुरुस्त करतो. ताकद घटते, पण खरेपणा वाढतो. आपल्या बोलण्याचा दशांश तरी आपल्या कानांवर पडावा हे तत्त्व इतके अनोळखी ठरले की पेटंट मिळायला ब्लॅकला १९३७ पर्यंत वाट पाहावी लागली. आज मात्र जवळजवळ प्रत्येक अॅम्प्लिफायर आणि प्रत्येक रिसीव्हर याच तत्त्वावर चालतो. दाभोळहून धोपाव्याला २००३ पासून फेरीबोट आहे, तीवर मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या आणि वर्तमानपत्र वाचणारे प्रवासी नित्य असतात, पण खाडी दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि चिपळूणच्या ‘सागर’ दैनिकात कोरे पान सुटत नाही, या दोन अडचणींमुळे तिच्यावर अद्याप असे काही सुचल्याची नोंद नाही.

दाभोळात ही यंत्रे आली कोठून, याचे उत्तर गावाच्या जुन्या व्यापारातच आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात हे कोकणातील अव्वल बंदरांपैकी एक होते. पंधराव्या शतकात आलेल्या अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाने येथे समुद्रमार्गे घोडे येत असल्याचे नमूद केले आहे. अरबस्तानच्या दिशेकडून माल येण्याची ही वहिवाट बंदर गाळाने भरले तरी मोडली नाही, आणि १९७० नंतर रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने आखाती देशांत नोकरीला गेली तेव्हा घोड्यांची जागा अकाई, सान्सुई, पायोनिअर आणि नॅशनल पॅनासॉनिक यांनी घेतली. घोड्याचे दात तपासून घेता येत; या यंत्रांत तपासायची गोष्ट पाठीमागे असे. तेथे नाण्याने फिरवायची एक लहानशी चकती असे, आणि तिच्यावर ११०, १२७, २२०, २४० असे व्होल्टचे आकडे असत. सौदी अरेबियात त्या काळी घरोघरी १२७ व्होल्टचा पुरवठा मोठ्या प्रमाणावर होता, आपल्याकडे २३०. चकती न फिरवता यंत्र कौतुकाने दिवाणखान्यात लावले गेले की गाणे सुरू होण्याऐवजी धूर येई, आणि विमानाने आलेल्या त्या यंत्राचा प्रवास तेथेच संपे. ज्यांच्या घरी चकती वेळेवर फिरली त्यांच्याकडे ती यंत्रे आजही शोकेसमध्ये आहेत, आणि ती बहुतेक रिसीव्हरच आहेत, कारण सामानाच्या वजनाच्या मर्यादेत दोन खोकी बसत नसत.

त्या काळच्या कायद्याचा कल मात्र अॅम्प्लिफायरच्या बाजूला होता. रेडिओ ऐकायचा तर पोस्टातून परवाना काढून त्याचे पुस्तक ठेवावे लागे आणि वर्षाचे शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद होईपर्यंत ट्यूनर पोटात असलेला रिसीव्हर हा सरकारदरबारी नोंदवायचा ऐवज होता, तर आकाशातून काहीच न पकडणारा अॅम्प्लिफायर कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता. आता चक्र उलटे फिरले आहे. काहीही पकडा, कोणी विचारत नाही. मोठ्याने वाजवले की कायदा येतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि खासगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये अशी सुधारणाही त्यांत पुढे झाली. कोकणात जागेची हद्द म्हणजे जांभ्या दगडाचा गडगा, आणि गडग्याची नेमकी जागा कोणती यावर दोन पिढ्यांचे दावे चालू असतात. तेव्हा आवाज कोठे मोजायचा हेच ठरत नसल्याने या नियमाची अंमलबजावणी किती अवघड आहे याची कल्पना करावी. व्यवहारात मात्र एवढे खरे की ५० डेसिबलची रात्र पाळणाऱ्या घराला १०० वॅटचा अॅम्प्लिफायर आणि रिसीव्हरचा १० वॅटचा हिस्सा यांतील फरक रात्री दहानंतर कळण्याचा संभव नाही.

आतापर्यंतचा विचार कोरड्या हवेतला झाला. दापोली परिसरात पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत समुद्रावरून खारा वारा येतो. या दोन गोष्टी विलायती परीक्षणांत कोणी विचारात घेत नाही. यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या तारांच्या टोकांना आरसीए पिना म्हणतात, आणि खाऱ्या हवेत त्यांच्यावर वर्षभरात हिरवट थर चढतो. सुट्या यंत्रांचा संच म्हणजे अशा पिनांचा बाजार: ट्यूनरपासून प्रीअॅम्प्लिफायरपर्यंत एक जोडी, तेथून पॉवर अॅम्प्लिफायरपर्यंत दुसरी, आणि प्रत्येक जोड हा गंजाला दिलेला स्वतंत्र दरवाजा. डाव्या बाजूचा आवाज गेला की जाणकार गृहस्थ तार बदलण्याचा विचार करतो, अनुभवी गृहस्थ पीन अर्धा वळसा फिरवतो आणि आवाज परत येतो. व्हॉल्यूमचे बटण हे दुसरे पीडास्थान. त्याच्या आत कार्बनच्या पट्टीवर फिरणारा काटा असतो, त्या पट्टीवर ओल आणि धूळ बसली की बटण फिरवताना खरखर येते, आणि त्यावरचा उपाय म्हणजे वीज बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा गरगरा फिरवणे. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण करणाऱ्याकडे पाहून तसे वाटत नाही.

यानंतर जीवसृष्टी. अॅम्प्लिफायर थोडा गरम राहतो, कारण नेहमीच्या पद्धतीच्या, म्हणजे ‘क्लास एबी’ रचनेच्या अॅम्प्लिफायरमध्ये ओढलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णता होऊन निघून जातो. म्हणून त्याच्या झाकणावर हवा खेळण्यासाठी फटी ठेवलेल्या असतात. जुलै महिन्यात कौलारू घरातील एकमेव कोरडी आणि उबदार जागा म्हणजे या फटींच्या आतला भाग, ही बातमी माणसांच्या आधी पालींना लागते. मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकण्यापूर्वीच खरी पाल ट्रान्सफॉर्मरजवळ संसार थाटून बसलेली असते, आणि तिने एक पाय एका टोकावर व दुसरा दुसऱ्या टोकावर ठेवला की दोघांचाही शेवट होतो. फटी बंद कराव्यात तर त्याची सोय घरात आधीच झालेली असते: बाजारातून आलेल्या प्रत्येक विद्युत उपकरणावर क्रोशाचा रुमाल घालण्याची प्रथा मराठी घरांत अढळ आहे, रुमालावर फुलदाणी येते, फुलदाणीशेजारी पोस्टाचे बचतपुस्तक, आणि यंत्र आतल्या आत तापून उष्णतारक्षक सर्किट त्याला झोपवते. या बाबतीत रिसीव्हर अधिक असुरक्षित आहे, कारण त्याच्या एका झाकणाखाली सात वाहिन्यांची उष्णता आणि नाजूक संगणकी सर्किटे एकत्र नांदतात. पण त्यात पाल शिरली तर एकाच यंत्राचे नुकसान होते, सुट्या संचात निवडीला वाव असतो.

सुट्या यंत्रांचा आणखी एक जुनाट आजार म्हणजे गुणगुण. प्रत्येक खोक्याची वेगळी वायर वेगळ्या प्लगमध्ये गेली आणि त्या प्लगांच्या जमिनीशी जोडलेल्या तारा, म्हणजे अर्थिंग, सारख्या पातळीवर नसल्या, की दोन खोक्यांना जोडणाऱ्या तारेतून अगदी बारीक प्रवाह फिरू लागतो आणि स्पीकरमधून विजेच्या ५० हर्ट्झच्या कंपनाचा अखंड ‘घूं’ ऐकू येतो. काही भाविक तो तंबोरा म्हणून चालवून घेतात. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते आणि गुणगुण चढते. त्यावर कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा करून त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. जे मीठ हवेतून येऊन पिना खाते तेच विकत आणून घराच्या पायाशी पुरायचे, असा हा उपचार आहे, आणि मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना बादलीभर पाणी आवाजाच्या शुद्धतेसाठी जमिनीत ओतणाऱ्या माणसाला घरात काय ऐकावे लागते ते कोणत्याही अॅम्प्लिफायरशिवाय स्पष्ट ऐकू येते. एकाच पेटीचा, एकाच प्लगचा रिसीव्हर या संकटातून बहुतांशी सुटतो. जुन्या पद्धतीच्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मात्र दोघेही सारखेच घूं करतात.

दुरुस्तीच्या बाजूने पाहता पारडे पुन्हा फिरते. साधा अॅम्प्लिफायर हे जाहीरपणे समजण्याजोगे यंत्र आहे. तालुक्याच्या गावातील दुरुस्तीवाल्याला टू-एन-थ्री-झिरो-डबल-फाइव्ह हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर अंधारात हाताने ओळखता येतो, ‘फोर्टी-फोर फोर्टी’ या आयसीचा तयार बोर्ड त्याच्या टेबलाच्या खणात पडून असतो, आणि ‘एसटीके उडालाय’, म्हणजे शक्ती पुरवणारी आयसी जळली, हे निदान तो यंत्र उघडण्यापूर्वीच वासावरून करतो. रिसीव्हर उघडल्यावर मात्र तो बराच वेळ काही बोलत नाही. मग झाकण परत लावतो आणि ‘बोर्ड कंपनीकडूनच येईल’ म्हणतो, याचा अर्थ येणार नाही असा असतो. शिवाय रिसीव्हर म्हातारा होतो तो झिजून नव्हे, तर जग पुढे गेल्यामुळे: दूरचित्रवाणी आणि रिसीव्हर यांना जोडणाऱ्या एचडीएमआय या एकाच तारेच्या २००२ च्या अखेरपासून २०१७ पर्यंत इतक्या आवृत्त्या निघाल्या की धडधाकट रिसीव्हरही नव्या टीव्हीपुढे मुका ठरतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या अॅम्प्लिफायरला अशी लाज कधी वाटली नाही, कारण त्याला चित्रातले काही कळतच नव्हते. ट्यूनरचेही तसेच, एफएम लहरी सरळ रेषेत जातात आणि कोकणात सरळ रेषेत पहिल्यांदा डोंगर येतो, त्यामुळे महागड्या रिसीव्हरमधील तो भाग येथे वर्षानुवर्षे रजेवर असतो.

दोन्ही पंथांचा खरा पराभव दर भाद्रपदात होतो. मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी पिशवीतून तांब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर काढतो, फोनवरून आरती लावतो आणि पडवीपासून अंगणापर्यंत सगळ्यांना ऐकू येते. त्या तांब्यात बिनतारी रिसीव्हरही आहे आणि नव्वद टक्क्यांच्या घरात कार्यक्षमता असलेला ‘क्लास डी’ जातीचा, म्हणजे संकेताचे चालू-बंद ठोके करून शक्ती वाचवणारा, अॅम्प्लिफायरही आहे. वाद ज्या दोघांत होता ते दोघे तेथे एकाच बॅटरीवर नांदत आहेत. त्याचा आवाज लहान, त्याचा खर्ज खोटा आणि त्याचा मृदंग प्लॅस्टिकच्या डब्याचा, हे सगळे खरे, पण विसर्जनाला तो हातात धरून खाडीपर्यंत नेता येतो आणि ३५ किलोचा रिसीव्हर नेता येत नाही.

दाभोळपुरता निकाल असा देता येईल. ज्या घरात मुख्यतः गाणी, भजने आणि नमनाच्या ध्वनिफिती ऐकल्या जातात त्याने प्री आणि पॉवर हे दोन्ही भाग एकाच पेटीत असलेला दोन वाहिन्यांचा साधा अॅम्प्लिफायर घ्यावा, ५० खरे वॅट पुरे समजावेत आणि वाचलेला पैसा स्पीकरांवर घालावा, कारण आवाजातला मोठा फरक तेथे पडतो. चित्रपटांचा शौक असेल तर रिसीव्हर घ्यावा, पण पॉवर अॅम्प्लिफायर पुढेमागे बाहेरून जोडता येईल अशी ‘प्री-आउट’ची छिद्रे त्याच्या पाठीवर आहेत हे पाहून घ्यावा. तीन-चार सुट्या खोक्यांचा संच मांडण्याचा विचार समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी करू नये. आणि काहीही घेण्यापूर्वी वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग मोजून घ्यावे. मात्र ते मे महिन्यात मोजावे, कारण पावसाळ्यात कोकणातले कोणतेही अर्थिंग उत्तमच निघते.